तेरा नंबर

साहेबांची भाषणं आम्ही नंबरांनी लिहायचो. आम्ही म्हणजे साहेब आणि मी, त्यांची लघुलेखक. एकतीस वर्षं त्यांच्याकडे होते. अठरा ते मंत्री असताना, पाच ते निवडणूक हरल्यानंतरची, आणि उरलेली त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत, जिथे आता त्यांची खाट आहे.

मंत्री असताना दिवसाला तीन-तीन सभा असायच्या. सकाळी शाळेचं उद्घाटन, दुपारी गिरणीच्या कामगारांपुढे, संध्याकाळी व्यापाऱ्यांच्या मंडळात. प्रत्येक ठिकाणी नवं बोलायला माणूस म्हणजे काय नळ आहे? पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं की त्यांचे काही परिच्छेद फिरून फिरून येतात. एक दिवस धीर करून म्हटलं, "साहेब, हे कार्डांवर टाइप करून ठेवू का? नंबर घालून?"

ते खो खो हसले. "बाई, तुम्ही तर माझी आतडीच मोजलीत! ठेवा, ठेवा. फक्त विरोधकांना नंबर सांगू नका."

तेव्हापासून मोटारीत बसता बसता एवढंच म्हणायचे, "शाळा ना आज? दोन, आठ, एकवीस. आणि शेवट नेहमीचा." एक ते सहा राष्ट्र. सात ते बारा स्वातंत्र्य. तेरा ते एकोणीस शांतता. तिथून पुढे चाळीसपर्यंत प्रगती, कारण प्रगतीवर बोलायची मागणी सगळ्यात जास्त. पुढे पुढे पत्रांची उत्तरंही तशीच जाऊ लागली. अमक्याला पाच नंबर, तमक्याला सव्वीस. वर नाव बदलायचं, खाली साहेबांची सही. लोक ती पत्रं चौकटीत घालून भिंतीवर लावायचे. मला त्याचं वाईट वाटत नसे, उलट थोडा अभिमानच वाटायचा. खोटं कशाला बोलू.

खोटं न बोलण्याचा माझा नेमच आहे. सकाळी उठल्यावर हजार वेळा नाम आणि दिवसभरात खोटं नाही, हे दोन नेम मी लग्नाआधीपासून पाळत आले. साहेब चेष्टा करायचे. "बाई, राजकारण्याच्या कचेरीत बसून खोटं बोलत नाही म्हणजे तुम्ही पाण्यात राहून कोरड्या!" मी म्हणायचे, "मी कुठे बोलते साहेब, मी तर नुसती टाइप करते." त्या उत्तराने तेव्हा मलाही बरं वाटायचं.

गेल्या वर्षी साहेबांनी पुस्तक लिहायला घेतलं. वय शहाऐंशी. चार प्रकरणं ठरवली: राष्ट्र, स्वातंत्र्य, शांतता, प्रगती. मी सवयीने कार्डांचा डबा टेबलावर आणून ठेवला. त्यांनी तो हाताने बाजूला सरकवला.

"ते नको. ते लोकांना खूश करायला होतं. आता कुणाला खूश करायचंय? माझ्या मताला आता घरातसुद्धा मत नाही."

त्यांची मुलगी, जिला मी ताई म्हणते, दारातूनच म्हणाली, "बाबा, तुमच्या पथ्याचा ठराव काल बहुमताने मंजूर झालाय. दोन विरुद्ध एक."

"बघा," साहेब मला म्हणाले, "ही लोकशाही मीच आणली."

आणि मग ते हळूहळू सांगायला लागले. एकेका वाक्याला पाच-पाच मिनिटं. मी पेन्सिल धरून बसलेली असायचे आणि ते खिडकीबाहेर बघत असायचे. राष्ट्रावर म्हणाले, "राष्ट्र म्हणजे ज्याला आपण कधी पाहिलं नाही, त्या माणसासाठीही रांगेत जागा ठेवणं. आम्ही जागा ठेवली, पण आपल्या माणसांचे रुमाल टाकून." स्वातंत्र्यावर म्हणाले, "स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी आम्ही तुरुंगाच्या किल्ल्या हातात घेतल्या. कुलपं काढून टाकायचं राहून गेलं." प्रगतीचं प्रकरण त्यांनी आधीच उरकलं. त्यात एक वाक्य होतं, ते लिहिताना माझा हात थांबला होता: "पूल बांधला त्या दिवशी मी फीत कापली, नावाडी उद्यापासून काय करणार, हे विचारायचं माझ्या भाषणात नव्हतं."

शांततेचं प्रकरण तेवढं ते पुढे ढकलत होते. आज पाठ दुखते, आज पाहुणे आहेत, आज उकडतंय. शेवटी एका संध्याकाळी, मी पर्स खांद्याला लावून उभी असताना म्हणाले, "बाई, उद्या शांतता घेऊ. आणि मास्तरला पत्र टाका. म्हणावं, येऊन जा. त्याच्यासमोर सांगतो. मग छापायचं ते छापा."

मास्तर म्हणजे साहेबांचे बालमित्र. शाळेत शिकवायचे म्हणून मास्तर. परक्यांचं राज्य होतं तेव्हा दोघं एकाच कोठडीत दीड वर्ष राहिले होते, एका पांघरुणात. नंतर एक मंत्री झाले, एक मास्तरच राहिले. मग नव्या बंदरासाठी किनाऱ्यावरची वस्ती उठवायची ठरली. मास्तर त्या लोकांबरोबर रस्त्यावर बसले. सभाबंदीचा कायदा साहेबांनीच मांडला होता, शांततेसाठी म्हणून. त्या कायद्याखाली मास्तर चार वर्षं आत गेले. ते आत असताना त्यांची आई वारली. सव्वीस वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

मी त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं, हाताने, आणि घरी जाताना पेटीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब न्हाणीघरात पडले.

उजवी बाजू गेली. वाचा गेली. तीन आठवडे ते इस्पितळात नुसते बघत होते. घरी आणल्यावर पाचव्या दिवशी ताईचा मला फोन आला, रडत आणि हसत. "बाई, या, लवकर या, बाबा बोलले!"

मी धावत गेले. साहेब उशांना टेकून बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी तोंड उघडलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हे राष्ट्र मातीचं नव्हे, माणसांचं आहे, आणि माणसं जोवर एकमेकांना हाक मारतात तोवर त्याला मरण नाही."

ताईने टाळ्या वाजवल्या. मी मात्र कार्ड ओळखलं. हा दोन नंबर होता.

पाणी हवं होतं, तर ते आठ नंबर म्हणाले. कूस बदलायची होती, तर एकवीस. शब्द न् शब्द बरोबर, स्वल्पविरामासकट. आणि प्रत्येक वेळी वाक्य संपलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा, की परक्याच कुणीतरी त्यांच्या तोंडून बोलून गेलंय. ऐकू सगळं येत होतं, कळत सगळं होतं. फक्त नवं वाक्य जुळत नव्हतं.

बोलायला शिकवणारी एक बाई आठवड्यातून दोनदा यायची. तिने आम्हाला समजावलं. "पाठ झालेलं डोक्यात वेगळ्या ठिकाणी राहतं. पाढे, प्रार्थना, शिव्या. ते राहिलंय. जुळवायचं ठिकाण गेलंय."

"निदान शिव्या राहिल्या असत्या," ताई म्हणाली, "तर घरात जरा करमणूक झाली असती."

ती बाई म्हणाली, "ज्याची जन्मभर सवय, तेच राहतं."

त्या दिवशी घरी जाताना मला स्वतःचीच भीती वाटली. मी रोज हजार वेळा नाम घेते. ते माझ्या कुठल्या ठिकाणी आहे? मनात आहे, की नुसतं जिभेच्या वळणात? दुसऱ्या दिवशी सकाळी मोजता मोजता तीनदा चुकले.

प्रकाशकाचे फोन सुरू झाले होते. ताई म्हणाली, "बाई, एकच प्रकरण राहिलंय ना? तुमच्याकडे शांततेची सात कार्डं आहेत. जोडून द्या. बाबांचेच तर शब्द आहेत." मी देत नाही म्हणाले नाही आणि दिलंही नाही. मला एकच आशा होती, आणि भीतीही त्याचीच: मास्तर.

ते आले तीन महिन्यांनी, एका सकाळी दहाच्या सुमाराला. मी दार उघडलं तर समोर एक वाळलेला, उंच म्हातारा, हातात काठी आणि कापडी पिशवी.

"पत्र तुमचंच ना? अक्षर बाईमाणसाचं वाटलं. लगेच येणार होतो. मग म्हटलं, कशाला? मग म्हटलं, का नको? असं करता करता तीन महिने गेले. गुडघेही मध्ये बोलत होते."

त्यांना काहीच माहीत नव्हतं. साहेबांच्या आजाराची बातमी पेपरात चार ओळींची आली होती, पहिल्या आठवड्यात. मी दारातच सांगितलं, वाचा गेली आहे. फक्त जुनं पाठ असलेलं तोंडातून येतं. मनात काही वेगळं असतं.

मास्तरांनी ऐकून घेतलं. "म्हणजे पूर्वीसारखंच," ते म्हणाले आणि आत गेले.

साहेबांनी त्यांना बघितलं मात्र, डाव्या हाताने खाटेची कड धरून उठायला लागले. ताईने पाठीला उशी दिली. मास्तर खुर्ची ओढून अगदी जवळ बसले. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काय रे," मास्तर म्हणाले, "केस गेले की सगळे. कोठडीत असताना आरसा मागायचास. शिपायाला म्हणायचास, राष्ट्राला तोंड दाखवायचंय."

साहेब हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले. ताईने माझा हात दाबला. मला वाटलं, आता काहीतरी होईल. देवाला मी मनातल्या मनात म्हटलं, एक शब्द दे. सबंध वाक्य नको. एकच शब्द.

साहेबांनी डाव्या हाताने मास्तरांचं मनगट धरलं. ओठ हलले. श्वास घेतला. किती जोर लावत होते ते त्यांच्या मानेच्या शिरांवरून दिसत होतं. आणि मग तो आवाज आला, सभेतला, स्वच्छ:

"शांतता ही भित्र्यांची विश्रांती नव्हे, ती शूरांची शिस्त आहे. ज्यांना राष्ट्र प्रिय आहे त्यांनी काही काळ आपलं दुःख आपल्या घरातच ठेवावं. उद्याची पहाट सर्वांचीच आहे."

तेरा नंबर.

मास्तरांचा चेहरा मी बघितला आणि मान खाली घातली. कारण तुरुंगातून त्यांनी साहेबांना एकच पत्र पाठवलं होतं, आई शेवटच्या घटका मोजते आहे, चार दिवस सोडा, म्हणून. आणि त्याचं उत्तर म्हणून हाच परिच्छेद त्यांना गेला होता. मीच टाइप केला होता.

साहेब मान हलवत होते. नाही, नाही, असं. पुन्हा श्वास घेतला, पुन्हा जोर लावला. "शांतता ही भित्र्यांची विश्रांती नव्हे..."

"बाबा, पुरे," ताई म्हणाली.

"बोलू दे त्याला," मास्तर म्हणाले.

तिसऱ्यांदाही तेच आलं. मग साहेबांनी माझ्याकडे बघितलं. एकतीस वर्षं ज्या नजरेने बघायचे त्याच नजरेने: बाई, तुम्ही सांगा.

मी पुढे झाले. "मास्तर, साहेबांना तुमची माफी मागायची आहे."

"असं ते म्हणाले?"

"आजारी पडायच्या आदल्या दिवशी म्हणाले, मास्तरला बोलवा, शांततेचं प्रकरण त्याच्यासमोर सांगतो."

"माफी हा शब्द म्हणाले?"

तो शब्द साहेब म्हणाले नव्हते. तो मी त्यांच्या गप्प बसण्यातून काढला होता, त्या पुढे ढकललेल्या दिवसांमधून. माझी खात्री होती, अजून आहे. पण ते म्हणाले का, तर नाही.

"नाही," मी म्हटलं. "पण मला ठाऊक आहे."

"बाई," मास्तर आवाज न चढवता म्हणाले, "याचं सगळंच तुम्हाला ठाऊक असायचं. आता याची माफीसुद्धा तुम्हीच टाइप करणार का?"

साहेबांनी डोळे मिटले. मास्तरांनी आपलं मनगट हळूच सोडवून घेतलं. त्यांचा हात पांघरुणावर ठेवला, पांघरूण नीट केलं आणि उठले. ताई म्हणाली, "काका, चहा तरी..." ते म्हणाले, "राहू दे, बाळ. याच्याकडे बघ."

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. पायऱ्या उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. खाली पोचल्यावरही हात काढला नाही.

"एक विचारतो. ते पत्र. मला आलेलं उत्तर. ते त्याने सांगितलं तेव्हा बसून सांगितलं, की येरझारा घालत? त्याला येरझारा घालायची सवय होती. कोठडीतसुद्धा. चार पावलं जायची, चार यायची."

मला तो दिवस लख्ख आठवत होता. आम्ही मोटारीत होतो. मी म्हटलं, मास्तरांचं पत्र आहे, आईंना बघायला चार दिवस मागतात. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. दोन चौक गेले. मग म्हणाले, "तेरा." आणि पुढचं पत्र मागितलं.

मी मास्तरांना म्हणू शकले असते, येरझारा घालत होते. म्हणू शकले असते, आवाज दाटून आला होता, तीनदा खोडून पुन्हा सांगितलं. कुणाचं काय बिघडलं असतं? म्हातारा तेवढं घेऊन घरी गेला असता. माझा एक नेम मोडला असता, एवढंच ना. पण तोंडाला जन्मभराचं वळण. तिथून जे यायचं तेच आलं.

"सांगितलं नाही, मास्तर. आमच्याकडे कार्डं होती. नंबर घातलेली. ते नुसतं तेरा म्हणाले."

"नुसतं तेरा."

"हो."

"माझं पत्र वाचलं होतं?"

"काय मागता आहात ते मी सांगितलं होतं. दोन चौक ते काही बोलले नाहीत."

मास्तरांनी फाटकाची कडी काढली, पुन्हा लावली. "चार वर्षं ते पत्र माझ्याजवळ होतं. पाठ होतं. मला वाटायचं, याच्यावर पहारा असणार, उघड लिहिता येत नसेल, म्हणून यात काहीतरी घालून पाठवलंय. दुःख घरात ठेवा म्हणतो, म्हणजे घरी सोडणार. उद्याची पहाट म्हणतो, म्हणजे उद्या. पहिल्या रात्री तर मी चपला घालून बसलो होतो." ते थोडे हसले. "वेडा. शिपाई म्हणाला, मास्तर, शाळा भरायला वेळ आहे अजून."

मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी काठी आडवी धरली.

"तुम्ही कशाला? तुम्ही नुसती टाइप करत होतात." हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं की समजूत म्हणून, मला कळलं नाही. मग फाटकाबाहेर पाऊल टाकताना ते थांबले. "म्हणजे त्याच्या तोंडून मी ते आज पहिल्यांदा ऐकलं."

ते रस्त्याच्या कडेकडेने गेले. वळणापाशी एकदा टेकायला थांबले. मागे बघतील असं वाटलं. बघितलं नाही.

मी वर आले तेव्हा साहेब माझीच वाट बघत होते. दोन्ही डोळे माझ्या तोंडावर. सांगितलंत का? काय म्हणाला? एवढं न बोलताही मला वाचता येत होतं. मी म्हटलं, "गेले, साहेब." ते बघतच राहिले. मग मी जे खरं होतं ते सांगितलं, की मास्तरांनी मोटारीतल्या त्या दिवसाबद्दल विचारलं आणि मी सांगितलं.

मी नेम पाळला. तो पाळल्याचं समाधान मला आजतागायत मिळालेलं नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी डाव्या हाताने टेबलाकडे खूण केली. ताईने कोरा कागद पाटीवर लावून दिला, मी पेन त्यांच्या बोटांत बसवलं. लिहिणार! पेनाचं टोक कागदाच्या वरच्या बाजूला टेकलं, थरथरलं, तिथे एक ठिपका उमटला. मग हात आपोआप खाली घसरत गेला, उजव्या कोपऱ्यात, आणि तिथे त्यांनी सही केली. डाव्या हाताची, वाकडी, पण तीच सही, शेवटच्या फराट्यासकट.

त्यांनी कागदाकडे बघितलं. तो ढकलला. मी दुसरा दिला. वर ठिपका, खाली सही. तिसरा. चौथा. जेवायची वेळ होईपर्यंत अकरा कागद झाले.

पहिल्या दिवशी कामावर घेताना त्यांनी मला एकच गोष्ट बजावली होती: सही केलेला कोरा कागद कधी मागे ठेवायचा नाही, त्यावर कोण काय लिहील सांगता येत नाही. म्हणून मी ते एकेक करून फाडत होते, त्यांच्यासमोरच, बारीक तुकडे करून. साहेब बघत होते. मग त्यांनी पुन्हा हात पुढे केला, आणि मी बारावा कागद पाटीवर लावला.